मेंटॉरची फाइल पूर्ण आहे, मुलं तरी मागे पडताहेत: काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या महाविद्यालयात तुम्ही दीड वर्षापूर्वी रुजू झालात. बी.एस्सी. प्रथम वर्षाची ४३ मुलं मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून तुमच्याकडे आली. हजेरी, चाचण्यांचे गुण, पालकांच्या सह्या, सगळं फाइलला लावलंत. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा जवळपास निम्म्या मुलांचा एक तरी विषय राहिला होता, आणि तिघं तर दुसऱ्या सत्रात फिरकलीच नाहीत. मी नेमकं काय पाहायला हवं होतं, कधी मध्ये पडायला हवं होतं आणि यातलं माझं काम कुठपर्यंत, असं तुम्ही विचारलंत.

मी बीड जिल्ह्यात २७ वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. त्यातली ११ वर्षं आमच्याकडची मेंटॉर योजना माझ्याकडे होती. पहिली चार-पाच वर्षं मीही तुमच्यासारखीच सुंदर फाइल ठेवायचे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की ती फाइल टेबलावर मांडली जायची, कौतुक व्हायचं. त्या फाइलमधल्या कागदांच्या तारखा मी पुढे एकदा नीट पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक नोंद निकालानंतरची होती. मूल बुडाल्यावर मी त्याची उंची मोजून ठेवत होते. मुलांच्या अडचणींचा माग त्या घडत असताना काढायचा असतो, आणि त्यातही पहिले सहा आठवडे फार मोलाचे. आता सांगते ते सगळं याच एका गोष्टीभोवतीचं आहे.

आधी हजेरी, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. ७५ टक्क्यांचा आकडा आपण डोळे मिटून वापरतो. एका विषयाचे आठवड्याला चार तास, पंधरा आठवड्यांचं सत्र, म्हणजे ६० तास धरा. बाराव्या आठवड्याअखेर ४८ तास झालेले असतात. एक मुलगा पहिले नऊ आठवडे एकही तास न चुकवता आला आणि मग सलग तीन आठवडे गायब झाला. त्याची हजेरी ३६, म्हणजे बरोबर ७५ टक्के. दुसरी मुलगी दर आठवड्याला चारातला एकच तास चुकवते. तिचीही हजेरी ३६, तेच ७५ टक्के. तुमच्या तक्त्यात दोघं शेजारीशेजारी, दोघंही पात्र. प्रत्यक्षात मुलगा महाविद्यालय सोडून गेलेला आहे आणि मुलीची सकाळची एसटी उशिरा येते, एवढंच. टक्केवारी बाजूला ठेवा आणि हजेरीपटावरच्या खुणा आडव्या वाचा. कोणता वार, कोणता तास, कधीपासून.

अशी वाचायची सवय लागली की पट बोलायला लागतो. रोज फक्त पहिला तास चुकत असेल तर गाडीचं वेळापत्रक बघा. महिन्याच्या सुरुवातीला दोन-तीन दिवस दांडी असेल तर बहुतेक पास संपलेला असतो. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असली, तरी उरलेले पैसे एकरकमी लागतात आणि ते घरात त्याच दिवशी असतीलच असं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गैरहजर राहणारा मुलगा बहुधा बापाबरोबर भाजीच्या पालावर बसलेला असतो. तासाला येणारी पण प्रॅक्टिकल चुकवणारी मुलं वेगळी. त्यांच्याकडे ॲप्रन नसतो, जर्नल अपुरं असतं, किंवा तोंडी परीक्षेत इंग्रजीत उत्तर द्यायची धास्ती असते.

आणि सगळीकडे हजर असून पहिल्या चाचणीला न आलेलं मूल तर मला गैरहजर मुलापेक्षाही काळजीचं वाटतं. ते आपल्याला काही येत नाही हे कागदावर दिसू नये म्हणून धडपडत असतं. त्याच आठवड्यात त्याला भेटा.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. पहिल्या सत्राची परीक्षा आणि टोळीचं निघणं एकाच वेळी येतं, आणि दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण गाळप हंगामात जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी पुरी करायची असते, आई आजारी पडली तर तिच्या जागी मुलगा किंवा मुलगी फडात उभी राहते. मागे राहिलेल्या पोराच्या गळ्यात धाकटी भावंडं, म्हातारी माणसं आणि गुरं असतात. तुमच्या दुसऱ्या सत्रात न आलेल्या तिघांचं घर कुठलं, हंगामात घरचे कुठे असतात, हे प्रवेशाच्या अर्जात कुठेच विचारलेलं नसतं. मी ऑगस्टमध्येच विचारते: 'दिवाळीनंतर घरी कोण असतं?' एवढ्या एका प्रश्नातून मला अर्ध्या वर्षाचा अंदाज येतो. ज्यांचे आईवडील जाणार आहेत त्यांच्या वसतिगृहाची खटपट तेव्हाच सुरू करावी लागते. डिसेंबरात सुरू करून काही हाती लागत नाही.

तुमचा तालुका कोकणात किंवा विदर्भात असेल तर हे कॅलेंडर वेगळं असेल. भातलावणी, कापूस वेचणी, मासेमारीचा हंगाम, तुमच्याकडे जे असेल ते. पण ते असतंच. विद्यापीठाच्या शैक्षणिक वेळापत्रकाशेजारी ते मांडून बघा.

बी.एस्सी. प्रथम वर्षाची आणखी दोन प्रकारची मुलं तुम्हाला भेटली असतील. एक, नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, पुन्हा तयारी करणारी. त्यांनी प्रवेश हातात असावा म्हणून घेतलेला असतो, लक्ष लातूरच्या क्लासकडे. नीट मे महिन्यात, म्हणून जानेवारीपासून ती दिसेनाशी होतात. दुसरी, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे मैदानावर धावून येतात आणि अकराच्या तासाला त्यांचे डोळे मिटतात. या मुलांना आळशी म्हणू नका. त्यांच्याशी उघड बोला: तुझी पहिली पसंती ती आहे हे मला मान्य आहे, पण ते जमलं नाही तर जूनमध्ये तुझ्या हातात काय असेल? मग किमान कोणते पेपर आत्ताच सोडवायचे, कोणती प्रॅक्टिकल चुकवायची नाहीत, एवढं ठरवून घ्या. मी असं बोलायला लागल्यापासून ही मुलं मला टाळायची थांबली. आधी ती मला बघून जिना बदलायची.

आता अभ्यासाकडे येते. वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी वीस मिनिटांची एक चाचणी घेते. दहा प्रश्न, गुण नाहीत. ०.००१ चा लॉग (लॉगॅरिदम) किती, २५० मिलिलिटर म्हणजे किती लिटर, या आलेखाचा चढ काढा, संहत आम्लापासून विरल द्रावण करायला किती पाणी घालाल, असले आठवी ते बारावीतले प्रश्न. गठ्ठा तपासायला एक संध्याकाळ पुरते. त्यातून नावांची यादी करू नका, प्रश्नांची करा: कोणता प्रश्न किती जणांचा चुकला. एका वर्षी लॉगच्या प्रश्नावर वर्गातल्या बहुतेकांनी कोरी जागा सोडली होती, आणि मी पुढच्या आठवड्यात पीएच, म्हणजे लॉगवरच उभं असलेलं आम्लतेचं माप, शिकवायला घेणार होते! शिकवलंही असतं, मुलांनी माना डोलावल्या असत्या. बारावीत ज्यांचं महाविद्यालय फक्त कागदावर होतं आणि खरा वर्ग क्लासमध्ये भरत होता, त्यांचं असं बरंच काही बहुपर्यायी प्रश्नांच्या युक्त्यांखाली झाकलेलं असतं. त्या वर्षी मी आधी तीन तास लॉगला दिले. अभ्यासक्रम तीन तासांनी मागे गेला, आणि पुढे आपोआप भरून निघाला.

भाषेचं अडणं याहून खोल आणि याहून न दिसणारं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम सगळं इंग्रजीत. एका मुलाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आम्ही विद्यापीठाकडून मागवली आणि दोघांनी बसून वाचली. प्रश्नात एके ठिकाणी 'डिस्टिंग्विश' (फरक सांगा) होतं, एके ठिकाणी 'जस्टिफाय' (कारण देऊन पटवा), एके ठिकाणी 'डिराइव्ह' (सूत्र काढून दाखवा). त्याने तिन्ही ठिकाणी व्याख्या लिहिली होती. व्याख्या अचूक होत्या. विषय त्याला येत होता, प्रश्न काय मागतोय ते कळत नव्हतं, आणि आम्ही त्याच्या नावापुढे 'स्लो लर्नर' लिहून ठेवलं होतं. त्यानंतर प्रश्नपत्रिकांत वारंवार येणाऱ्या अशा वीसेक शब्दांची मी मराठी अर्थांसह एक पट्टी केली, प्रत्येक शब्दाला एक नमुना उत्तर जोडलं, आणि ती सगळ्यांच्या जर्नलमध्ये चिकटवली. इतकं साधं काम करायला मला १५ वर्षं लागली, याचं आजही वाईट वाटतं.

छायाप्रतीचा हा उपाय तुम्हीही करा. निकालानंतर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करायची मुदत थोडी असते, मुलांना ती ठाऊक नसते. पाच-सहा मुलांच्या जरी प्रती मिळाल्या तरी वर्गाची दुखणी कळतात. कुणी दोन गुणांच्या प्रश्नाला तीन पानं लिहिलेली असतात आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे. कुणी उपप्रश्नाचा क्रमांक चुकवलेला असतो.

मुलाशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळं तिथंच अडतं. 'का नापास झालास?' या प्रश्नाला फक्त एक उत्तर असतं: 'अभ्यास कमी पडला, मॅडम.' ते उत्तर मिळालं की संवाद संपला. मी म्हणते, 'वही घेऊन ये, काल कुठपर्यंत वाचलंस ते दाखव, आणि पहिल्यांदा जिथे अडलास त्या ओळीवर बोट ठेव.' मुलं बोट ठेवतात. नेहमी ठेवतात. मग बोलणं त्या ओळीचं होतं, त्याच्या लायकीचं होत नाही. पाच-सात मिनिटांनी, कधी दुसऱ्या भेटीत, घरचं आपसूक निघतं. दार उघडं ठेवा, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलू नका, व्हरांड्याचा कोपरा किंवा रिकामी प्रयोगशाळा बरी. आणि उठताना पुढची तारीख ठरवा. माझ्या नोंदवहीत आता प्रत्येक मुलाचं एकच पान असतं: कधी भेटलो, काय अडलं, दोघांनी काय ठरवलं, पुन्हा कधी. यातला शेवटचा रकाना कोरा असेल तर ती भेट झालीच नाही असं मी धरते.

वेळ कुठून आणायचा? ४३ मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे सात-सव्वासात तास. सहा आठवड्यांत पसरलं तर आठवड्याला सव्वा तास. त्या पहिल्या फेरीनंतर सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. तीसेक मुलं आपली आपण चालत राहतात, त्यांना सत्रात आणखी एकदा भेटलात तरी चालेल. उरलेल्या दहा-बारांना दर पंधरवड्याला भेटा. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर या तासांचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. मी आमच्या प्राचार्यांकडे भांडून मेंटॉरचा एक तास वेळापत्रकात बसवून घेतला. तुम्हीही मागा, लेखी मागा, आणि एकट्याने मागू नका.

आता जे सांगते ते सांगणं मला जड जातं. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रथम वर्षाची एक मुलगी तासांना यायची, पण प्रॅक्टिकलला सलग तीन वेळा आली नाही. नियमाप्रमाणे मी घरी फोन केला. वडिलांना म्हणाले, 'मुलगी प्रॅक्टिकलला येत नाही.' मी सांगितलं ते खरं होतं. वडिलांना ऐकू आलं ते असं, की मुलगी घरातून निघते आणि कॉलेजात पोहोचत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. तिच्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं की त्या तिन्ही दुपारी ती आमच्याच ग्रंथालयात बसून होती. पहिल्याच प्रॅक्टिकलला तिच्या हातून ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची काचेची नळी, फुटली होती. भरपाई मागतील म्हणून ती प्रयोगशाळेत पाऊल टाकत नव्हती. एका ब्युरेटची किंमत मी माझ्या पाकिटातून भरली असती. तिला विचारायला मला प्रयोगशाळेतून ग्रंथालयापर्यंत चालत जावं लागलं असतं, एवढंच.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. आधी विद्यार्थ्याशी बोलायचं. घरी कळवायचं असेल तर त्याला सांगून, आणि काय बोलणार तेही सांगून. मुलगी असेल तर दुप्पट विचार करून. जिवाला धोका दिसला तरच याला अपवाद. गैरहजर मुलांच्या याद्या फलकावर लावणं, पालकांच्या व्हॉट्सॲप गटात गुण टाकणं, मोबाईलवर आपोआप संदेश पाठवणारी प्रणाली बसवणं, हे सगळं फार कार्यक्षम दिसतं. एखाद्या घरात तो संदेश कुणाच्या हातात पडतो याचा विचार ती प्रणाली करत नाही, तो आपल्याला करावा लागतो. सज्ञान मुलाचे गुण हे त्याचे आहेत.

जादा तासांबद्दल. 'रेमेडियल' म्हणून नावांची यादी काढली की त्या यादीतली मुलं येत नाहीत, हा अनुभव तुम्हालाही असेल. यावर एक तोड अमेरिकेत फार पूर्वी निघाली. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डीॲना मार्टिन यांनी १९७३ साली कच्चे विद्यार्थी शोधायच्या ऐवजी अवघड विषय शोधले. ज्या विषयात दरवर्षी खूप मुलं अडकतात, त्या विषयाला जादा सत्र जोडायचं, ते सगळ्यांना खुलं, आणि ते घेणारा आधी तो विषय चांगल्या गुणांनी पार केलेला विद्यार्थी. शिक्का विषयावर बसतो, मुलावर बसत नाही. त्याच दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत युरी ट्रेझमन हे कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रश्न पाहत होते. प्राध्यापकांना वाटत होतं की मुलांना ओढ नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही. ट्रेझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांची अभ्यासाची पद्धत जवळून पाहिली. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची उदाहरणं तपासत होती. ट्रेझमन यांनी मग एकत्र बसून अवघड उदाहरणं सोडवण्याची कार्यशाळा सुरू केली. तिला उपचारात्मक वर्ग म्हटलं नाही. उलट, ज्यांना उंच जायचंय त्यांच्यासाठी आहे, असं सांगितलं. मुलं आली आणि वर चढली.

आमच्याकडे मी याचं मराठवाडी रूप केलं. शनिवारी दुपारी 'उदाहरणांचा तास', फक्त भौतिक रसायनशास्त्रासाठी, कारण दरवर्षी राहिलेल्या विषयांचा (एटीकेटीचा) ढीग तिथेच साचतो. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं तो घेतात. मी खोलीत नसते, शेजारच्या खोलीत जर्नल तपासत बसते. पोरं दादाला जे विचारतात ते मला विचारत नाहीत. शनिवारचीच वेळ का? परतीची गाडी साडेतीनला असते आणि तोवर तसंही थांबावं लागतं. उपक्रमाची वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवलंत तर तुमच्या निम्म्या अडचणी मिटतील. शिकवणाऱ्या त्या दोन मुलांना 'कमवा आणि शिका' योजनेतून थोडं मानधन मिळवून देता येतं का ते पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि शिक्षण यांची जी सांगड घातली, तिच्यात हे काम अगदी चपखल बसतं.

पैशाचं बोलायचं राहिलं. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा दाखला हल्ली सगळीकडे दिला जातो, कारण तिथे २०१२पासून संगणक प्रत्येक विद्यार्थ्याच्या ८०० हून अधिक धोक्याच्या खुणा रोज तपासतो. मला त्यांच्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. संगणकाने खूण दाखवल्यावर मुलाशी बोलायला माणूस हवा म्हणून त्यांनी सल्लागारांची संख्या वाढवली. आणि थोडक्या थकबाकीपायी नाव कमी होणाऱ्या मुलांना त्यांनी २०११पासून छोटी अनुदानं द्यायला सुरुवात केली, विद्यार्थ्याने मागायच्या आधीच. पदवीच्या तोंडावर आलेली मुलं किरकोळ रकमेसाठी गळत होती, असं त्यांच्या लक्षात आलं होतं.

आपल्याकडे ही गळती परीक्षा अर्जाच्या खिडकीपाशी होते. शुल्क भरायला चार दिवस उशीर, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, आणि मग 'पुढच्या वर्षी बघू'. एका सत्रात परीक्षा अर्ज न भरलेल्या मुलांची यादी मी मुदतीच्या आठ दिवस आधी कार्यालयातून मागून आणली. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना मुदतच माहीत नव्हती, बाकीच्यांची अडचण पैशांची होती. स्टाफरूममध्ये आम्ही काही जण दरमहा थोडी वर्गणी काढतो, ती अशा वेळी वापरतो. शिष्यवृत्तीचंही तेच. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज त्रुटीसाठी परत आलेला असतो आणि मुलगा वर्षभर पैशांची वाट पाहत बसतो. बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयं, वसतिगृह निर्वाहासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावची योजना, यातलं कुणाला काय लागू होतं हे मेंटॉरला तोंडपाठ हवं. सल्ला देण्याआधी दहा मिनिटं मोबाईल उघडून अर्जाची स्थिती बघा.

क्रेडिटचा, म्हणजे प्रत्येक विषयाच्या भारांकाचा, हिशेब नवा आहे आणि मुलांना तो कुणी समजावून सांगत नाही. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५पासून आलं. सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट. मुलगा म्हणतो, 'एकच विषय राहिलाय, मॅडम.' तो विषय किती क्रेडिटचा, अंतर्गत मूल्यमापन राहिलं की लेखी परीक्षा, पुढच्या वर्षात जायला विद्यापीठाची अट काय, हे त्याला माहीत नसतं. आमच्याकडे एकदा काही मुलं अंतर्गत गुणांत 'अनुपस्थित' दिसली. त्यांनी काम दिलं होतं, महाविद्यालयाकडून गुणच भरले गेले नव्हते. निकाल हातात आला की प्रत्येक 'अनुपस्थित' आधी आपल्या कागदांशी ताडून पाहा. राहिलेले विषय नव्या सत्राच्या हजेरीपटावर दिसत नाहीत, त्यांची वेगळी वही ठेवा, आणि कोणता विषय आधी काढायचा ते मुलाबरोबर बसून ठरवा. ज्या विषयावर पुढचे दोन विषय उभे आहेत तो आधी.

आणि एखादं मूल खरंच सोडून जाणार असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगितल्याशिवाय जाऊ देऊ नका. पहिल्या वर्षाची ठरलेली क्रेडिट आणि त्यासोबतचा कौशल्याचा भाग पूर्ण केला तर प्रमाणपत्र मिळतं. मिळवलेली क्रेडिट अकादमिक क्रेडिट बँकेत (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात) सात वर्षांपर्यंत राहतात, परत येता येतं. मात्र हा मार्ग तुम्ही होऊन सुचवू नका. नापास मुलाला 'प्रमाणपत्र घेऊन मोकळा हो' म्हणणं सोपं आहे, आणि असं म्हणणारे मी पाहिले आहेत. मला त्याचा राग येतो.

शेवटी, तुमचं काम कुठपर्यंत. झोप उडालेली, जेवण सुटलेली, 'माझा काही उपयोग नाही' असं म्हणणारी मुलं समोर आली तर ऐकून घ्या, एकटं सोडू नका, पण समुपदेशक व्हायला जाऊ नका. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. तुमच्या समोर बसून फोन लावून द्या. नुसता क्रमांक लिहून दिला तर तो वहीत राहतो. घरातली मारहाण, जबरदस्तीचं लग्न, रॅगिंग, प्राध्यापकाकडून त्रास, यातलं काही कळलं तर ते तुमच्या वहीत दडवायचं नसतं, त्यासाठीच्या समितीकडे किंवा यंत्रणेकडे न्यायचं असतं. आणि नेहमी चांगले गुण मिळवणारं मूल अचानक गप्प झालं तर तेही याच यादीत धरा. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण त्यांची टक्केवारी चांगली असते.

तुम्ही लिहिलंत की दुसऱ्या सत्राचे तीन आठवडे झालेत, म्हणजे वेळ आहे. या सोमवारी फाइल उघडू नका. हजेरीपट आणि पहिल्या सत्रातल्या चाचणीचे गुण घेऊन बसा, चाचणीला न आलेल्यांची नावं काढा आणि त्यातल्या एकाला त्याच दिवशी गाठा. दुसऱ्या सत्रात न फिरकलेल्या तिघांचा शोध त्यांच्या गावच्या वर्गमित्रांकडून घ्या. त्यातलं कुणी फडावर असेल तर फोनवर फक्त दोन गोष्टी सांगा: राहिलेले पेपर कधी देता येतात, आणि परीक्षा अर्जाची शेवटची तारीख कोणती. पैसे नंतर बघू म्हणा. अर्ज इथून भरून देणारा एखादा मित्र वर्गात असतोच, त्याचं नाव मात्र आधीच विचारून ठेवा.